मराठी वेबसाइटसाठी फॉन्ट कसा निवडायचा? यादी शेवटाकडून लिहायला शिका

गेल्या पावसाळ्यात मला एका मित्राचा फोन आला. अहेरी तालुक्यात तो पोरांसाठी छोटी अभ्यासिका चालवतो. पोलीस भरती, वनरक्षक, तलाठी अशा परीक्षांच्या तारखा एका जागी मिळाव्यात म्हणून मी त्याला एक साधी वेबसाइट करून दिली होती. फोन उचलल्या उचलल्या तो म्हणाला, "अबे, तुझं पान तर कोरंच दिसते. पोट्टे म्हणतात साइट बंद पडली."

मी लगेच तपासलं. सर्व्हर चालू होता. पुण्यात बसून माझ्या फोनवर तेच पान क्षणात उघडत होतं. तारखा, लिंका, सगळं जागच्या जागी. मग त्याला व्हिडिओ कॉलवर पान उघडून दाखवायला सांगितलं. वरची निळी पट्टीसुद्धा यायला पाच-सहा सेकंद लागले. पट्टी आल्यावरही खाली अक्षर एक नाही. आणखी तीन सेकंदांनी मजकूर दिसला, आणि मग एकदम सगळ्या ओळी खाली-वर उड्या मारून दुसऱ्याच अक्षरात दिसू लागल्या. एवढा वेळ कोण थांबतं? पोरांनी तोपर्यंत पान बंद केलेलं असायचं.

चूक माझी होती, आणि ती एका ओळीत होती. मी मराठीसाठी छान दिसणारा फॉन्ट निवडला होता, चार वजनांत. माझ्या वायफायवर तो छान दिसलाही. पण ज्याच्यासाठी पान केलं, त्याच्या फोनपर्यंत तो पोहोचतो कसा, याचा विचारच केला नव्हता.

म्हणून आज स्टाइलशीटमध्ये फॉन्ट कसा निवडायचा ते नीट समजून घेऊ. तुम्ही मोबाईलवरच कोड एडिटर टाकून पहिलं पान बनवत असाल, तरी यातलं सगळं तुम्हाला जमेल. एक गोष्ट आधीच सांगतो: इथे कोडमधले शब्द वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत लिहिलेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ते इंग्रजी अक्षरांतच लिहायचे असतात.

ती एक ओळ म्हणजे एक यादी

वेबपानाचा मजकूर एचटीएमएलमध्ये असतो आणि त्याचं दिसणं सीएसएसमध्ये, म्हणजे स्टाइलशीटमध्ये. फॉन्ट ठरवणारी ओळ साधारण अशी असते:

फॉन्ट-फॅमिली: "मुक्ता", "कोहिनूर देवनागरी", "निर्मला यूआय", सान्स-सेरिफ;

नवीन मुलांना वाटतं की पहिलं नाव म्हणजे आपला फॉन्ट आणि पुढची नावं उगाच लिहायची असतात. तसं नाही. ही पसंतीक्रमाची यादी आहे. ब्राउझर पहिल्या नावापासून सुरू करतो. तो फॉन्ट मिळाला नाही तर दुसरा, तोही नाही तर तिसरा. शेवटचं "सान्स-सेरिफ" हे कुठल्या एका फॉन्टचं नाव नाही. त्याचा अर्थ, "तुझ्याकडे जो साधा, टोकांना नक्षी नसलेला फॉन्ट असेल तो लाव."

आता महत्त्वाचा मुद्दा. ब्राउझर ही यादी अख्ख्या पानासाठी एकदाच तपासत नाही. तो प्रत्येक अक्षरासाठी तपासतो. पहिल्या फॉन्टमध्ये "क" आहे पण "₹" नाही, तर "क" पहिल्या फॉन्टमधून येईल आणि "₹" यादीतल्या पुढच्या कुठल्यातरी फॉन्टमधून. म्हणून कधीकधी एखाद्याच अक्षराची जाडी वेगळी दिसते. यादीत आणि फोनमध्ये कुठेच ते अक्षर सापडलं नाही, तर त्या जागी रिकामा चौकोन येतो. या चौकोनाला टायपोग्राफीवाले गमतीने "टोफू" म्हणतात. गूगलच्या "नोटो" फॉन्टचं नाव "नो टोफू" यावरूनच पडलं आहे, म्हणजे एकही चौकोन दिसू नये हा हेतू.

यातून एक नेहमीची फसगत कळते. आपण बाहेरचं तयार टेम्पलेट घेतो. त्यात मॉन्टसेराट, लॅटो किंवा रोबोटो असतो. या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. तुमच्या पानावरचा मराठी मजकूर त्यातून कधी येणारच नाही, तो फोनमधल्याच फॉन्टमध्ये दिसणार. पण फॉन्टची फाइल मात्र डाउनलोड होते, कारण पानावरचे इंग्रजी आकडे, स्वल्पविराम, अगदी दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा ब्राउझर त्याच फॉन्टमधून घेऊ बघतो. म्हणजे वाचणाऱ्याचा डेटा गेला आणि मराठीला काहीच मिळालं नाही.

फोनमध्ये आधीच काय आहे?

आता यादी शेवटाकडून बघू. वाचणाऱ्याच्या फोनमध्ये देवनागरीचा एक फॉन्ट आधीपासून असतोच. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये तो नोटो सान्स देवनागरी असतो, काही कंपन्या स्वतःचा टाकतात. आयफोनमध्ये कोहिनूर देवनागरी असतो. विंडोजच्या कॉम्प्युटरवर विंडोज ८ पासून निर्मला यूआय आहे. त्याआधी मंगल होता, जो विंडोज २००० सोबत आला. मंगल काढला तो र. कृ. जोशी यांनी. मराठी सुलेखनातलं हे मोठं नाव. आज मंगल जुनाट वाटतो, पण कॉम्प्युटरवर युनिकोड मराठी लिहिणाऱ्या एका पिढीने तोच फॉन्ट पाहिला आहे.

या फॉन्टसाठी इंटरनेट लागत नाही. नेटवर्क एक दांडी असो की पाच, ते तयारच असतात. अँड्रॉइडवर तर त्याचं नाव लिहायचीही गरज नसते. "सान्स-सेरिफ" लिहिलं की देवनागरी अक्षरांसाठी फोन स्वतःच आपला फॉन्ट पुढे करतो.

म्हणून माझा आताचा नियम असा आहे: आधी यादीत फक्त सान्स-सेरिफ लिहायचं. त्याच अवस्थेत पान एखाद्या स्वस्त फोनवर उघडायचं. मजकूर नीट वाचता येतो का, बटणं कळतात का, तारीख ठळक दिसते का, हे बघायचं. पान इथेच चांगलं दिसलं पाहिजे. त्यानंतर वेगळा फॉन्ट खरंच हवा असेल तर तो यादीच्या सुरुवातीला जोडायचा. तो आला तर शोभा वाढेल, आणि नाही आला तरी कुणाचं अडणार नाही.

कृतीदेवचं काय?

चंद्रपूर-गडचिरोलीत डीटीपीच्या दुकानांत आजही कृतीदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेल्या फाइल मिळतात. कुणी तुम्हाला म्हणेल, "हा मजकूर घे आणि साइटवर टाक." तसाच टाकला तर पानावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसेल.

कारण समजून घ्या. या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असतात. फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरच साठवलेलं असतं, फक्त त्याला मराठीचा मुखवटा घातलेला असतो. तो फॉन्ट काढला की मुखवटा गेला. अशा मजकुराला आपली यादी वाचवू शकत नाही, कारण पुढचा कुठलाही फॉन्ट त्या अक्षराला इंग्रजीच समजणार. असा मजकूर गूगलवर मराठीत शोधून सापडत नाही, आणि अंध व्यक्तीच्या फोनमधला स्क्रीन रीडरही तो वाचू शकत नाही. २००० च्या आसपास कितीतरी मराठी साइटवर "आमचा फॉन्ट डाउनलोड करा" अशी सूचना असायची, ती याचमुळे.

युनिकोडमध्ये "क" हा "क"च असतो, फॉन्ट कोणताही असो. म्हणून कन्व्हर्टर वापरून मजकूर आधी युनिकोडमध्ये आणायचा, मग नजरेखालून घालायचा (रफार आणि ऱ्हस्व वेलांटी इथे चुका होतात) आणि मगच फॉन्टचा विचार करायचा.

फॉन्टची परीक्षा: आपल्या गावांची नावं

फॉन्टच्या साइटवर नमुन्यासाठी एखादं हिंदी वाक्य दिलेलं असतं. ते बघून निर्णय घेऊ नका. मी हल्ली एकच ओळ टाकून बघतो:

चामोर्शी, मार्कंडा, पोंभुर्णा, ब्रह्मपुरी, एटापल्ली, शेतकऱ्यांसाठी ॲप, ₹ ५००

या ओळीत जवळजवळ सगळी परीक्षा होते. "चामोर्शी"मध्ये दीर्घ वेलांटी आणि रफार एकाच अक्षराच्या डोक्यावर येतात. खराब फॉन्टमध्ये ते एकमेकांत घुसतात. "मार्कंडा"मध्ये रफार आणि अनुस्वार शेजारी बसायला हवेत. अनुस्वार हरवला की लहान स्क्रीनवर तो "मार्कडा" वाचला जातो. "ब्रह्मपुरी"तलं ह्म हे जोडाक्षर नीट जुळलं पाहिजे, पाय मोडलेला ह आणि शेजारी म असं दिसता कामा नये. "एटापल्ली"त ल्ल बघायचा.

युनिकोडमध्ये देवनागरीचा मुख्य गट फक्त १२८ जागांचा आहे. पण जोडाक्षरं, रफार, अर्धी अक्षरं मिळून चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये शेकडो आकार काढावे लागतात, आणि कुठे कोणता आकार लावायचा याचे नियमही फॉन्टमध्ये लिहावे लागतात. काम अर्धवट राहिलं तर ते अशाच नावांत उघडं पडतं.

आता "शेतकऱ्यांसाठी". यातला र् हा रफार नाही, तो आडवा, छोट्या कोयत्यासारखा असतो. "आचार्यांना" आणि "आचाऱ्यांना" यांत अर्थाचा किती फरक आहे ते शाळेत शिकलोच आपण. हिंदीला हा र् लागत नाही, त्यामुळे फक्त हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या फॉन्टमध्ये तो चुकू शकतो. तुमच्याकडे तो "शेतकर्यांसाठी" असा दिसत असेल तर आधी टायपिंग तपासा. र ऐवजी ऱ टाइप करून मग हलन्त आणि य द्यायचा. टायपिंग बरोबर असूनही आकार चुकत असेल तर तो फॉन्ट मराठीसाठी बाद.

"ॲ"ची गोष्टही अशीच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नसतं, मग "ॲप"चा पहिला भाग चौकोन होतो किंवा दुसऱ्याच फॉन्टमधून येतो. "₹" तर २०१० चा. जुना फॉन्ट वापरणार असाल तर ही दोन चिन्हं आधी बघा. भरतीच्या जाहिरातीत फी लिहायची असते, तिथे चौकोन चालणार नाही.

ल आणि श: ब्राउझरला भाषा सांगा

तुमच्या स्क्रीनवर आत्ता "शाळा" आणि "लाल" हे शब्द कसे दिसतायत ते बघा. मराठी वळणाचा ल आणि हिंदी वळणाचा ल वेगळा, श सुद्धा वेगळा. शाळेच्या पाटीवर आपण मराठी वळण गिरवतो आणि फोनवर बहुतेक वेळा हिंदी वळण वाचतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्य शासनाने देवनागरी लिपी आणि वर्णमालेबद्दल शासन निर्णय काढला, त्यात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श वापरायला सांगितलं आहे.

युनिकोडमध्ये दोन्ही वळणांसाठी अक्षर एकच. मग ब्राउझरला कसं कळणार? त्याला भाषा सांगावी लागते. एचटीएमएलच्या अगदी पहिल्या टॅगमध्ये लँग नावाचा गुणधर्म असतो. टेम्पलेटमध्ये तिथे इंग्रजीचा "ईएन" असतो किंवा हिंदीचा "एचआय". तो बदलून मराठीचा "एमआर" करायचा. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाची सोय असते, तो हे वाचून ल आणि श बदलतो. सोय नसेल तर काही बिघडत नाही, जुनंच वळण दिसतं. शिवाय भाषा बरोबर सांगितली की स्क्रीन रीडर मराठी उच्चार निवडतो आणि ब्राउझर उगाच "भाषांतर करू का?" विचारत नाही. दोन अक्षरांचा बदल, डेटा शून्य. आधी हा करा.

मराठी वळण हमखास हवं असेल तर "टिरो देवनागरी मराठी" बघा. टिरोने हिंदी, मराठी आणि संस्कृत यांसाठी तीन वेगळे फॉन्ट दिलेत. पुस्तकी चेहऱ्याचा आहे, लांब लेखांना शोभतो. ठळक वजन मात्र त्यात नाही. रोजच्या वापरासाठी मुंबईच्या एक टाइप या गटाचा मुक्ता चांगला. अगदी बारीक ते जाड अशी त्याची सात वजनं आहेत. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचे हिंद आणि पॉपिन्सही देवनागरीसह येतात. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्राही बघण्यासारखा आहे. यातला कुठलाही घ्या, पण वरची परीक्षेची ओळ टाकूनच.

वजन: फाइलचंही आणि अक्षराचंही

आता माझ्या चुकीचा हिशोब. समजा एका देवनागरी फॉन्टची फाइल १०० केबीची आहे. साधं, मध्यम, ठळक, अतिठळक अशी चार वजनं घेतली तर चार फाइल, म्हणजे ४०० केबी. फोन एज नेटवर्कवर असेल तर कागदावरचा कमाल वेग ३८४ किलोबिट, म्हणजे सेकंदाला ४८ केबी. सगळं उत्तम चाललं तरी फक्त फॉन्टला आठ सेकंद. भामरागड किंवा कोरचीच्या बाजूला पावसात कागदावरचा वेग मिळत नाही, हे तिथल्या पोरांना मी सांगायला नको. आणि ज्या जाहिरातीसाठी पान उघडलं तिचा मजकूर किती? दोन-तीन केबी.

शिवाय मी फॉन्टची जोडणी दुसऱ्याच सर्व्हरवरच्या स्टाइलशीटने केली होती. अशी बाहेरची स्टाइलशीट येईपर्यंत ब्राउझर पान रंगवायलाच घेत नाही. पहिले पाच-सहा सेकंद गेले ते तिथे. त्यानंतर फॉन्टची फाइल यायची वाट बघत ब्राउझर साधारण तीन सेकंद मजकूर लपवून ठेवतो. पुढचं कोरं पान ते.

यावर तीन उपाय:

१. वजनं दोनच ठेवा, साधं आणि ठळक. ठळकची फाइल दिलीच नाही तर ब्राउझर साधं अक्षरच फुगवून खोटं ठळक करतो. त्यात देवनागरीची पोटं बुजतात, "ध" आणि "घ" सारखे वाटायला लागतात. म्हणून दोनपेक्षा कमी नको आणि जास्तही नको.

२. फाइल आपल्याच सर्व्हरवर ठेवा, आणि ती वूफ-टू या दाबलेल्या प्रकारात असू द्या.

३. फॉन्ट-डिस्प्ले हा गुणधर्म लिहा. त्याला "स्वॅप" दिलं तर मजकूर लगेच फोनच्या फॉन्टमध्ये दिसतो आणि तुमचा फॉन्ट आला की बदलतो. "ऑप्शनल" दिलं तर ब्राउझर क्षणभरच वाट बघतो. फॉन्ट तेवढ्यात आला नाही तर त्या वेळी फोनचाच फॉन्ट राहतो. मागून फाइल आलीच तर ती पुढच्या भेटीसाठी साठवलेली असते.

शहरातल्या वाचकांसाठी स्वॅप ठीक आहे. पण मंद नेटवर्कवर वाचता वाचता आठव्या सेकंदाला ओळी उडी मारतात, बोट चुकीच्या लिंकवर पडतं. अभ्यासिकेच्या साइटवर मी ऑप्शनल लावलं.

टेम्पलेटचे चार सापळे

बाहेरची टेम्पलेट इंग्रजीसाठी केलेली असतात. त्यांच्या स्टाइलशीटमध्ये फॉन्टच्या आसपासच्या या चार ओळी शोधा.

लाइन-हाइट: इंग्रजीला १.२ पुरतं. मराठीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार असतो. मी लेखासाठी १.६ ते १.७ ठेवतो. बटणांचंही बघा. उंची ठरावीक असेल तर डोकं कापलं जातं. "अर्ज भरा"मधला रफार कापला की उरतं "अज भरा". अज म्हणजे बोकड.

लेटर-स्पेसिंग: शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून इंग्रजीत अक्षरांमध्ये अंतर टाकतात. मराठीत त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ते शून्य करा.

इटॅलिक: बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये तिरपं रूप नसतं. ब्राउझर सरळ अक्षर ढकलून तिरपं करतो. भर द्यायला ठळक वापरा.

फॉन्ट-साइझ: पिक्सेलऐवजी रेममध्ये द्या, म्हणजे वाचणाऱ्याने ब्राउझरमध्ये अक्षर मोठं केलं असेल तर तुमचं पान त्याचं ऐकेल. जाहिरात पोरगा उघडतो, पण कधीकधी वाचतात त्याचे वडील.

आपल्या भागात लिपी एकच नाही

गडचिरोलीत बसून साइट करताना आणखी एक गोष्ट समोर येते, जी पुण्यातल्या ऑफिसात मला कधी दिसली नव्हती. सिरोंचाकडे घरोघरी तेलुगू चालतं. चामोर्शी आणि मुलचेरा भागात पूर्व पाकिस्तानातून येऊन वसलेली बंगाली कुटुंबं आहेत. आणि दोन्ही जिल्ह्यांत गोंडी आणि माडिया बोलणारी गावं आहेत. एकाच सूचनेच्या पानावर तीन लिप्या येऊ शकतात.

इथे यादीचा खरा उपयोग होतो. ब्राउझर अक्षरागणिक शोधतो, म्हणून तुम्ही मराठी, तेलुगू आणि बांगलाचे फॉन्ट एकाच यादीत एकामागे एक लिहू शकता. प्रत्येक अक्षर आपापलं घर शोधून घेतं. एकसारखा चेहरा हवा असेल तर एक टाइपचाच बलू हा परिवार आहे. देवनागरीसाठी बलू २, तेलुगूसाठी बलू तम्मुडू २, बांगलासाठी बलू दा २. गुबगुबीत आहे, शीर्षकांपुरता वापरा.

पण तिन्ही फाइल सगळ्यांना कशाला? त्यासाठी फॉन्ट जोडताना युनिकोड-रेंज लिहायची. म्हणजे ब्राउझरला सांगायचं की ही फाइल फक्त या अक्षरांसाठी आहे. पानावर तेलुगू अक्षर असेल तरच तेलुगूची फाइल उतरेल. देवनागरीची रेंज लिहिताना मुख्य गटाबरोबर "₹" आणि जोडाक्षरं नियंत्रित करणारी दोन न दिसणारी चिन्हं (झेडडब्ल्यूजे आणि झेडडब्ल्यूएनजे) विसरू नका, नाहीतर काही शब्द मध्येच तुटतील.

गोंडीचं वेगळं आहे. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे तीस लाख लोकांनी गोंडी ही मातृभाषा सांगितली. आपल्याकडे ती बहुधा देवनागरीत लिहितात, पण तिच्या स्वतःच्या लिप्याही आहेत. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेली मसराम गोंडी २०१७ साली युनिकोडमध्ये आली. आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाला गावात जिची हस्तलिखितं सापडली ती गुंजाला गोंडी २०१८ मध्ये आली. आदिलाबाद म्हणजे चंद्रपूरला लागूनच.

युनिकोडमध्ये जागा मिळाली म्हणजे फोनवर दिसेल असं नाही. जुन्या किंवा स्वस्त फोनमध्ये हा फॉन्ट असेलच हे धरून चालता येत नाही, आणि नसेल तर पूर्ण ओळभर चौकोन. मराठीसाठी मी म्हणालो की फॉन्ट पाठवायची गरज आहे का ते आधी विचारा. गोंडी लिपीसाठी उलट आहे. इथे नोटोचे दोन्ही लिप्यांचे मोफत फॉन्ट आपल्या सर्व्हरवर ठेवून पाठवलेच पाहिजेत, आणि इथे ऑप्शनल नको, स्वॅप हवं. मराठीत फॉन्ट आला नाही तर फक्त रूप बदलतं, गोंडी लिपीत शब्दच जातो. म्हणून महत्त्वाची सूचना देवनागरीतल्या गोंडीतही शेजारी ठेवा.

शेवटी काय केलं?

अभ्यासिकेच्या साइटवर आता जाहिरातीच्या पानांना एकही बाहेरचा फॉन्ट नाही. यादी अशी:

फॉन्ट-फॅमिली: "कोहिनूर देवनागरी", "निर्मला यूआय", सान्स-सेरिफ;

फक्त मुख्य पानाच्या शीर्षकाला मुक्ता ठळक, एकच फाइल, आमच्याच सर्व्हरवरून, ऑप्शनल लावून. लँग "एमआर" केलं. लाइन-हाइट १.७ केली. एवढंच.

तुम्ही करणार असाल तर क्रम हा ठेवा. मजकूर युनिकोडमध्ये आहे ना ते बघा. भाषा मराठी सांगा. फक्त सान्स-सेरिफ लावून परीक्षेची ओळ वाचा, तुमच्या गावाचं नाव त्यात घालून. मग वाटलं तरच यादीच्या पुढे एक फॉन्ट जोडा. आणि कॉम्प्युटरवर क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा वेग मुद्दाम कमी करून पान एकदा उघडा. कॉम्प्युटर नसेल तर फोनच्या सेटिंगमधून नेटवर्क २जीवर आणा, चालेल.

मित्राला मी नवीन पान पाठवलं तेव्हा तो एसटीत होता, आलापल्लीच्या पुढे जंगलात. पान उघडलं का विचारलं, तर म्हणाला, "उघडलं ना. पण अक्षर तर साधंच आहे." मी म्हटलं, तारीख वाच. त्याने वाचून दाखवली.